अनुदान मागण्याआधी मीटर वाचा

समजा, उद्या सकाळी मुख्याध्यापक तुमच्या वर्गात आले आणि म्हणाले, "मुलांनो, हवामानबदलाला आवर घालणारे काही काम करण्यासाठी आपल्या शाळेला २५,००० रुपये मिळू शकतात. काय करायचे ते तुम्ही ठरवा." तुम्ही काय सुचवाल? बहुतेक वर्गांत पहिला हात वर होईल तो "झाडे लावू या" म्हणणाऱ्याचा. दुसरा म्हणेल, प्रभातफेरी काढू. तिसऱ्याला गच्चीवर सौर पॅनेल हवे असेल. तिन्ही सूचना चांगल्या मनाने केलेल्या आहेत. पण पैसे देणारा माणूस त्या ऐकून घेईल आणि दोनच प्रश्न विचारील. तुमच्या कामामुळे फरक किती पडेल? आणि तो पडला, हे तुम्ही मला कसे दाखवाल?

या प्रश्नांची उत्तरे कशी काढायची ते आपण पाहू या. त्यासाठी लागणारे विज्ञान तुमच्या आठवी-नववीच्या पुस्तकात आहे.

प्रथम 'अनुदान' म्हणजे काय ते स्पष्ट करून घेऊ. पारितोषिक झालेल्या कामाला मिळते. अनुदान अजून न झालेल्या कामाला मिळते. देणगी देऊन माणूस मोकळा होतो, अनुदान देणारा मात्र हिशेब मागतो. कर्ज फेडावे लागते, अनुदान फेडावे लागत नाही. पण ज्या कामासाठी घेतले त्याच कामाला ते लावावे लागते.

असा पैसा येतो कोठून? १९९२ साली रिओ द जानेरो येथे वसुंधरा परिषद भरली आणि हवामानबदलासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार सह्यांसाठी खुला झाला. त्याच वर्षी जागतिक पर्यावरण सुविधा या निधीने 'लघु अनुदान कार्यक्रम' सुरू केला. मोठमोठ्या सरकारी प्रकल्पांऐवजी गावपातळीवरच्या संस्थांना लहान रकमा, साधारणतः ५०,००० डॉलरपर्यंत, द्यायच्या अशी ही कल्पना होती. पुढे १३० हून अधिक देशांत हा कार्यक्रम पोहोचला. अगदी अलीकडे, २०२४ मध्ये, ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीज या अमेरिकन संस्थेने जगातील १०० शहरांच्या महापौरांकडे प्रत्येकी ५०,००० डॉलर सोपवले. त्या पैशांतून महापौरांनी १५ ते २४ वर्षे वयाच्या तरुणांच्या हवामानविषयक कामांना १,००० ते ५,००० डॉलरची छोटी अनुदाने द्यावयाची होती.

आपल्याकडे २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेनेच्या शाळांना वर्षाकाठी लहानशी रक्कम मिळत असे. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत सरकारी माध्यमिक शाळांच्या युवा व इको क्लबांसाठी वर्षाला २५,००० रुपयांपर्यंतची तरतूद ठेवण्यात आली. आपल्या हिशेबासाठी हीच रक्कम धरू.

फरक म्हणजे कशातला फरक?

येथे पुष्कळ जण चुकतात. काम करण्यापूर्वीची स्थिती आणि काम केल्यानंतरची स्थिती यांतला फरक काढला की झाले, असे आपल्याला वाटते. ते पुरेसे नाही. काम केले तर काय होईल आणि ते काम केलेच नाही तर काय होईल, या दोहोंतला फरक हवा.

एक उदाहरण घ्या. २०१५ साली केंद्र सरकारने 'उजाला' योजना सुरू केली आणि स्वस्त दरात एलईडी दिवे विकायला काढले. पुढे असे ३६ कोटींहून अधिक दिवे देशभर गेले. समजा, तुमच्या नगरपालिकेने येत्या दिवाळीपर्यंत सगळ्या शाळांत एलईडी बसवण्याचे ठरवूनच टाकले आहे, आणि तुम्ही अनुदान मिळवून ऑगस्टमध्येच ते बसवले. विजेची बचत होईल हे खरे; पण तुमच्या पैशाने पडलेला फरक फक्त दोन-तीन महिन्यांचा. नंतरची बचत तुमच्याशिवायही झालीच असती.

म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी आजची स्थिती मोजून ठेवावी लागते. तिला आपण आधारपातळी म्हणू. शाळेच्या बाबतीत तिची सुरुवात विजेच्या मीटरपासून करणे सर्वांत सोपे, कारण मीटर आयते बसवलेले असते आणि ते रात्रंदिवस मोजत असते.

लुकलुकणारा दिवा

घरच्या इलेक्ट्रॉनिक मीटरकडे नीट पाहा. त्यावर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. शेजारी एक आकडा छापलेला असतो. पुष्कळ घरगुती मीटरांवर तो ३२०० असतो. (तुमच्या मीटरवर वेगळा असेल तर तोच घ्या.) त्याचा अर्थ असा की दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट वीज खर्च झाली. एक युनिट म्हणजे १,००० वॉटचे उपकरण एक तास चालणे, म्हणजेच ३६,००,००० ज्यूल ऊर्जा. तिला ३२०० ने भागा. एका लुकलुकीमागे ११२५ ज्यूल खर्च होतात.

आता मोठ्या माणसांना सांगून घरातली सगळी उपकरणे दोन-तीन मिनिटे बंद ठेवा आणि फक्त एक पंखा पूर्ण वेगाने सुरू करा. दोन लुकलुकींमधला वेळ घड्याळावर मोजा. तो १५ सेकंद आला, तर ११२५ भागिले १५, म्हणजे पंख्याची शक्ती ७५ वॉट. जुने छताचे पंखे साधारण एवढेच खातात. एकाच लुकलुकीवर विसंबू नका. दहा लुकलुकी मोजून वेळेला दहाने भागा, म्हणजे हाताची चूक कमी होईल. मीटरला हात लावायचा नाही आणि झाकण उघडायचे नाही. लांबून दिवा दिसतो तेवढे पुरे.

आता शाळेत येऊ. शाळेत बाजारात मिळणारा नवा 'बीएलडीसी' पंखा आणला, तर तो तेवढाच वारा सुमारे ३० वॉटमध्ये देतो. जुन्या पंख्याच्या फिरत्या भागात चुंबकत्व निर्माण करण्यासाठी वीज खर्ची पडते आणि तिचा बराच भाग उष्णता होऊन वाया जातो. नव्या पंख्यात तेथे कायमचे चुंबकच बसवलेले असतात. एका पंख्यामागे ४५ वॉट वाचले. शाळेत पंखा दिवसाला ६ तास, वर्षाला २०० दिवस चालतो असे धरा. १,२०० तासांत ५४ युनिटे वाचतील. पंखा ३,००० रुपयांचा धरला, तर आपल्या अनुदानात आठ बसतील आणि वर्षाला ४३२ युनिटे वाचतील.

युनिटांवरून कार्बन डायऑक्साइड कसा काढायचा? आपल्या देशातील वीज मुख्यतः कोळशावर तयार होते. जलविद्युत, सौर, पवन आणि अणुवीज धरून सरासरी काढली, तर एका युनिटामागे सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा आकडा दरवर्षी प्रसिद्ध करते. तेव्हा आठ पंख्यांनी वर्षाला सुमारे ३०० किलोग्रॅम वाचवले.

याच रकमेत ट्यूबलाइट बदलल्या तर? जुनी ३६ वॉटची ट्यूब तिच्या चोकसह जवळजवळ ५० वॉट घेते. (चोकला हात लावून पाहू नका, पण तो चांगलाच तापतो.) तिच्या जागी २० वॉटची एलईडी ट्यूब लावली की ३० वॉट वाचतात. वर्गांना खिडक्या असल्यामुळे दिवे दिवसाला ३ तासच लागतात असे धरू. वर्षाला ६०० तास, म्हणजे एका ट्यूबमागे १८ युनिटे. ट्यूब २५० रुपयांना धरली तर १०० ट्यूब येतील, १,८०० युनिटे वाचतील आणि सुमारे १,२६० किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड टळेल. पंख्यांच्या चौपट!

पण थांबा. तुमच्या शाळेत चोकवाल्या १०० ट्यूब आहेत का? आता कित्येक शाळांत दहासुद्धा उरलेल्या नाहीत. म्हणजे कागदावर चौपट असलेला लाभ तुमच्या शाळेपुरता शून्यावर येऊ शकतो. वर्गावर्गांत जाऊन ट्यूब मोजणाऱ्या विद्यार्थ्यालाच हे कळेल. दुसऱ्या शाळेचा अर्ज समोर ठेवून नक्कल करणाऱ्याला ते कळणार नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी विचारात घेत नाही. वाचलेल्या विजेचे पैसे कोणाचे? पंख्यांच्या उदाहरणात युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाला जवळजवळ ३,४५० रुपये बिलातून कमी होतील. तेवढ्यात पुढच्या वर्षी नववा पंखा येतो. ही रक्कम वेगळी ठेवून तिच्यातून पुढचे पंखे घ्यायचे, असा ठराव शाळा समितीकडून आधीच करून घेतला, तर एकदा मिळालेले अनुदान वर्षानुवर्षे फिरत राहते. अर्जात असा ठराव जोडलेला असला की वाचणाऱ्यावर त्याचा परिणाम होतो, आणि माझ्या मते तो व्हायलाच हवा.

झाडांचे काय?

झाडे लावू नयेत असे मी मुळीच म्हणणार नाही. मात्र त्यांचाही हिशेब करता येतो. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा साधारण निम्मा भाग कार्बनचा असतो. कार्बनचा अणुभार १२ आणि कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४. म्हणून १२ किलोग्रॅम कार्बन साठवण्यासाठी झाडाने हवेतून ४४ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड घेतलेला असतो. ज्या झाडाचे कोरडे वजन १०० किलोग्रॅम, त्यात ५० किलोग्रॅम कार्बन. त्याला ४४ ने गुणून १२ ने भागा. सुमारे १८३ किलोग्रॅम आले. पण ज्या रोपाचे कोरडे वजन अजून एकच किलो आहे, त्याच्या खात्यावर जेमतेम १.८ किलोग्रॅम जमा असतो. म्हणजे झाडाचा हा लाभ बहुतांशी पुढच्या कित्येक वर्षांत मिळणारा आहे, आणि रोप जगले तरच मिळणारा आहे.

२५,००० रुपयांत ५० रुपयांची ५०० रोपे येतात. छायाचित्र फार सुंदर निघते. मग कुंपण, पाणी आणि मे महिन्यातली राखण यांसाठी एक रुपयाही उरत नाही. त्याऐवजी ४० रोपे, प्रत्येकाला जाळी, आणि सुट्टीत पाणी घालणाऱ्या माणसाला तीन उन्हाळ्यांची मजुरी, अशी मांडणी केली तर समारंभ लहान होईल, पण चौथ्या वर्षी मोजायला झाडे उरतील. जुलैत पैसे देऊन ऑगस्टमध्ये अहवाल मागणाऱ्या योजनेकडे छायाचित्रेच जमा होतात, यात मुलांचा काही दोष नाही. म्हणून अर्ज करण्यापूर्वी शेवटचा अहवाल केव्हा द्यायचा आहे ते पाहून घ्यावे.

कोळशाची इस्त्री

मोजण्यापासून सुरुवात केली की काम कोठवर जाऊ शकते, याचे एक उत्तम उदाहरण तमिळनाडूतील तिरुवण्णामलै येथे घडले. विनिशा उमाशंकर ही शाळकरी मुलगी घराजवळच्या इस्त्रीवाल्याकडे पाहत असे. कोळशावरची ती जड इस्त्री, जळून गेलेला कोळसा रस्त्याकडेला टाकून देणे, तो धूर. एका गाडीवर दिवसाला सुमारे ५ किलो कोळसा जळतो, असा आकडा तिने मांडला. मग तिने सौर पॅनेलवर चालणाऱ्या इस्त्रीच्या गाडीची कल्पना तयार केली. पाच तास उन्हात भरलेल्या बॅटरीवर सुमारे सहा तास इस्त्री चालावी, अशी ती रचना होती. गाडीचा नमुना तयार करण्यासाठी तिला राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानची मदत मिळाली. २०२० मध्ये स्वीडनमधील बालकांसाठीचे हवामान पारितोषिक तिला मिळाले, आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत ती बोलली.

तिचा आकडा आपल्या तराजूत टाकून पाहू. लोणारी कोळशात कार्बन तीन-चतुर्थांश धरला तर ५ किलो कोळशात पावणेचार किलो कार्बन. ४४ ने गुणून १२ ने भागल्यावर पावणेचौदा किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड, तोही रोज! वर्षाचे ३०० दिवस धरले तर चार टनांहून अधिक. एका इस्त्रीवाल्याचा कोळसा सुटला, तर आपल्या आठ पंख्यांच्या तेरा-चौदा पट काम होते. दिवसभर त्या निखाऱ्यांशेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसांना जो आराम मिळेल, तो आणखी वेगळा.

याच प्रतिष्ठानच्या आणि केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या 'इन्स्पायर मानक' योजनेत शाळकरी विद्यार्थ्यांच्या निवडक कल्पनांना नमुना बनवण्यासाठी १०,००० रुपये थेट त्यांच्या बँक खात्यात दिले जाऊ लागले. अर्ज शाळेमार्फत करावा लागतो. तुमच्या विज्ञानशिक्षकांना विचारून पाहा.

जेथे किलोग्रॅम उपयोगी पडत नाहीत

आता एक असे काम घेऊ की ज्यात कार्बन डायऑक्साइड जवळजवळ वाचतच नाही, तरीही ते करण्याजोगे आहे. तुमच्या शाळेत पत्र्याच्या दोन खोल्या आहेत. एप्रिलमध्ये दुपारी तेथे बसवत नाही. छतावर सूर्यप्रकाश परतवणारा पांढरा रंग दिला तर खोली थोडी थंड राहते. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेची भीषण लाट आली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्मा कृती आराखडा केला आणि २०१७ पासून वस्त्यांतील छते पांढरी करण्याचे काम हाती घेतले. अशा कामाला 'अनुकूलन' म्हणतात. हवामान बदलते आहे, तर त्यात माणसांनी कसे तगावे, याची ही तजवीज आहे. बरेच निधी अशा कामांनाही पैसे देतात.

पण येथे फरक कसा दाखवायचा? रंग देण्यापूर्वी खोलीत दुपारी दोन वाजता ३८.४ अंश सेल्सिअस होते आणि रंग दिल्यावर ३६.१ झाले, असे समजा. मग २.३ अंशांचा फरक पडला म्हणायचे का? नाही. मधल्या काळात हवाच बदलली असेल. म्हणून दुसरी खोली रंग न देता तशीच ठेवायची. आधी पंधरा दिवस दोन्ही खोल्यांत, सारख्याच उंचीवर टांगलेल्या तापमापकांवर, ठरलेल्या वेळी नोंदी घ्यायच्या. समजा, त्या काळात पहिल्या खोलीची सरासरी ३८.४ आणि दुसरीची ३८.० आली. म्हणजे पहिली खोली मुळातच ०.४ अंशांनी गरम आहे. मग एकीला रंग दिला आणि पुन्हा पंधरा दिवस मोजले. पहिली ३६.१, दुसरी ३८.९. आता पहिली २.८ अंशांनी थंड आहे, आणि पूर्वी ती ०.४ ने गरम होती. रंगाचा खरा परिणाम ३.२ अंशांचा! हवा तापत गेल्यामुळे पहिल्या पद्धतीने तो कमी दिसला असता. हवा निवत गेली असती, तर फुगून दिसला असता.

रोज दोन वाजता न चुकता तापमापक वाचायला मुंबई-दिल्लीचा तज्ज्ञ येऊ शकत नाही. तुम्ही शाळेत असताच. विद्यार्थ्यांच्या हाती काम सोपवण्याचा मोठा फायदा मला तरी हाच दिसतो. पत्र्यावर चढण्याचे काम मात्र रंगाऱ्याचे. त्याची मजुरी खर्चात धरा, आणि धुळीने व शेवाळाने रंग मळतो, म्हणून दुसऱ्या हाताचेही पैसे धरा.

सही कोणाची?

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीला करार करता येत नाही. म्हणून कल्पना तुमची, मोजणी तुमची, पण अनुदानाच्या करारावर सही संस्थेची आणि पैसेही संस्थेच्या खात्यात. परदेशातील निधीची जाहिरात वाचून अर्ज करायला निघालात, तर आणखी एक अडचण आहे. परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या २०१० च्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय आपल्याकडील संस्थेला असा पैसा स्वीकारता येत नाही. बहुतेक शाळांकडे अशी नोंदणी नसते. तेव्हा मुख्याध्यापकांना हे आधी विचारा, नाहीतर दोन महिन्यांची मेहनत वाया जायची.

पैसे बहुधा हप्त्यांनी येतात. पहिल्या हप्त्याच्या खर्चाची बिले आणि उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याखेरीज दुसरा हप्ता सुटत नाही. पंखे घेतले तर दोन-तीन दुकानांची दरपत्रके आधी मागवावी लागतात आणि वस्तू आली की डेडस्टॉक रजिस्टरात तिची नोंद होते. हे कंटाळवाणे वाटेल. पण शाळेच्या कार्यालयातील लिपिक काकांशेजारी एक तास बसून हे रजिस्टर कसे लिहितात ते पाहून या. तुमच्या मोजणीच्या वहीशी त्याचे बरेच साम्य आढळेल.

ही वही आजच सुरू करता येईल. शाळेच्या मीटरवरील आकडा दर सोमवारी ठरावीक वेळी लिहून ठेवा. मे महिन्यात तर मुद्दाम लिहा. त्या महिन्यात शाळा बंद असते, वर्गात कोणी नसते, तरीही मीटर पुढे सरकतच असते. पंप, संगणक, एखादा विसरलेला दिवा, की आणखी काही? ही युनिटे कशात गेली याचा तपास लागला, तर आकड्यांसह आम्हाला कळवा.